टबाबाहेरचा माणूस

हॉट टब दारात उतरला तेव्हा सेफ्टीसाहेबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर टेम्पोच्या मागच्या चाकांना दोन विटा लावल्या. रस्ता सपाट होता, ड्रायव्हर जागेवर होता आणि त्याचा पाय ब्रेकवर होता. पण साहेब म्हणाले, "ब्रेक माणसासारखा असतो, कधी दगा देईल सांगता येत नाही. विटेचं तसं नाही." पुढे टेम्पो निघताना त्या विटा काढायच्या राहिल्या, एक वीट चाकाखालून सटकली आणि शेजारच्या वकिलांच्या कुंडीवर जाऊन बसली. वकिलांनी कुंडीकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं आणि ते एवढंच म्हणाले, "सुरुवात चांगली आहे."

साहेबांनी उभी हयात एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली होती. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि घड्याळ दिलं, आणि तिथली सगळी सावधगिरी ते आपणहून घरी घेऊन आले. तेव्हापासून गॅसच्या शेगडीशेजारी वाळूची बादली होती, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळेजर्द पट्टे होते आणि बाथरूमच्या दारावर "सावधान, जमीन ओली आहे" अशी पाटी होती. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. साहेब दूध न पिताच फुंकायला बसत.

त्यांच्या मनात एक जुनी सल होती, तीही सांगून टाकलेली बरी. डॉक्टरने माणूस बरा केला की लोक त्याच्या पाया पडतात. वकिलाने खटला जिंकला की पेढे येतात. पण सुरक्षा अधिकाऱ्याने आपलं काम चोख केलं तर काय होतं? काहीच होत नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून आजवर कोणी कोणाचे आभार मानलेले नाहीत. इतक्या वर्षांत एकही टाकी पेटली नाही, एकही माणूस दगावला नाही, आणि कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे म्हणायचे, "या माणसाला दुसरं काम नाही."

टब आला होता तो बाईंच्या खांद्यासाठी. बाई म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, म्हणून सगळी गल्लीच त्यांना बाई म्हणे. जन्मभर फळ्यावर हात उंच करून डोंगर, नद्या आणि उगवते सूर्य काढले, आणि एके सकाळी तो उजवा हात कानाच्या वर जाईना. खांदा धरला होता. वरच्या फळीवरचा डबा गेला, दोरीवर कपडे वाळत घालणं गेलं, आणि सगळ्यांत जिव्हारी लागलं ते हे, की स्वतःची वेणी घालणं गेलं. ते काम साहेबांकडे आलं. साहेब रोज सकाळी बाईंच्या मागे खुर्ची घेऊन बसत, जिभेचं टोक बाहेर काढून वेणी घालत आणि टोकाला एकाऐवजी तीन रबरं लावत. "एक तुटलं तर दुसरं, दुसरं तुटलं तर तिसरं," ते समजावून सांगत. वेणी दोरखंडासारखी व्हायची, पण बाई कधी काही बोलल्या नाहीत.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, गरम पाण्यात खांदा बुडवून बसा, मग हळूहळू हात हलवा, सुटेल. ते लेकीच्या कानावर गेलं. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. तिने कोणाला न विचारता टब पाठवून दिला आणि फोन केला.

"बाबा, टब आईसाठी आहे. आईनं त्यात निवांत बसायचंय. तुम्ही मध्ये मध्ये करू नका."

"मी कशाला मध्ये येतोय?" साहेब म्हणाले. "मी फक्त बाजूला उभा राहणार."

 लेकीचं बालपण याच बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसाबरोबर गेलं होतं. झोपाळ्यावर बसायलाही तिला हेल्मेट घालावं लागे.

टब मागच्या अंगणात बसला. चांगला ऐसपैस, दोन माणसं गुडघे न भिडता बसतील एवढा. कडेने पाण्याचे फवारे, तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी आणि वर जाडजूड झाकण. साहेबांनी त्याबरोबर आलेलं माहितीपत्रक आधी मनात, मग मोठ्याने आणि मग बाईंना समोर बसवून वाचलं. पाणी चाळीस अंशांच्या वर न्यायचं नाही. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. भरल्या पोटी बसायचं नाही. केस वर बांधायचे, नाहीतर जाळीत ओढले जातात. उठताना हळू उठायचं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारायचं. काम झालं की झाकण लावून कुलूप घालायचं. वाचता वाचता साहेबांचा चेहरा असा उजळला की बाईंना लग्नाच्या वेळचे फोटो आठवले.

वायरमन आला. करंट गळाला तर क्षणात वीज तोडणारा स्विच त्याने भिंतीवर बसवला. साहेबांनी तो त्याच्यादेखत पुन्हा पुन्हा तपासला आणि दर वेळी सगळ्या घराची वीज गेली. शेवटच्या वेळी वकिलांच्या घराचीही गेली. ती कशी गेली हे वायरमनला आजतागायत समजलेलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण साहेबांना स्वस्थ बसवेना. घरात एवढं पाणी साठवायचं तर पालिकेला कळवायला नको? कोणी विचारलं नव्हतं, कोणी हरकत घेतली नव्हती. साहेब आपणहून पाणी खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "तलाव आहे की टाकी?"

"टब आहे."

"टब असं काही आमच्याकडे नाही. तलाव, टाकी, विहीर आणि कारंजं. त्यातलं सांगा."

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "फवारे आहेत," ते म्हणाले.

"मग कारंजं. कारंजं सार्वजनिक असतं. लोकांना यायला वाट ठेवली आहे का?"

शेवटी टाकीवर तडजोड झाली आणि दोन दिवसांनी पालिकेचे तपासनीस घरी आले. हा गोल, हसतमुख गृहस्थ डासांच्या विभागातून नुकताच बदलून आला होता आणि त्याचा जीव अजून तिकडेच होता. त्याने टबाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

"साचलेलं पाणी म्हणजे डास. यात मासे सोडा. छोटे मासे असतात, डासांच्या अळ्या खातात."

"अहो, पाणी गरम असतं. चाळीस अंश."

"मग मासे जरा दमाने सोडा."

"तासाभरात शिजतील ते!"

तपासनिसांना माशांचं खरंच वाईट वाटलं. त्यांनी विचार करून पाहतो असं सांगितलं आणि ते गेले. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकत होत्या. त्यांनी डाव्या हाताने कपाळ धरलं, कारण उजवा तिथवर पोचत नव्हता.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती आणि सल्ला फुकट असल्यामुळे त्याची टंचाई नव्हती. वकील म्हणाले, "पाहुणा घसरून पडला तर जबाबदारी तुमची. प्रत्येकाकडून लिहून घ्या." समोरच्या डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्या कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "शेकण्यासारखा उपाय नाही. आमच्याकडे एक म्हातारी घोडी यायची, शेकून शेकून पळायला लागली. बाई तर काय, घोडीपेक्षा समजूतदार आहेत. पण साहेब, तुम्ही बीपीची गोळी घेता ना? तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका हं."

"मी कुठे उतरतोय?" साहेब छाती पुढे काढून म्हणाले. "मी बाहेरचा माणूस."

हा बाहेरचा माणूस काय प्रकार आहे तेही सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच घडलं. रंगाच्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्या असत. त्या आतून घासायला माणूस उतरे. साहेबांचा नियम असा, की टाकीत एकटा माणूस कधीच उतरणार नाही. बाहेर दुसरा हवाच. बाहेरच्याने थोड्या थोड्या वेळाने ओरडायचं, "ठीक?" आतल्याने उत्तर द्यायचं, "ठीक!" उत्तर आलं नाही, तर बाहेरच्याने शूरपणा करून आत उडी मारायची नाही, कारण मग एकाचे दोन होतात. आधी वीज तोडायची, मग शिट्टी मारायची आणि माणसं आली की सगळ्यांनी मिळून काढायचं. हा नियम साहेबांनी कामगारांच्या पिढ्यांना शिकवला, आणि घरी रात्री जेवताना बाईंनाही सांगितला. अगदी रोज. आज अमक्याने शिट्टी विसरली, आज तमका विचारायचंच विसरला, माझं कोणी ऐकत म्हणून नाही. बाई हूं हूं म्हणत आणि पानात वाढत.

बाईंच्या पहिल्या बैठकीला साहेब हेल्मेट घालून आले. गळ्यात शिट्टी होती. बाईंच्या कमरेला त्यांनी एक दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. वेणीचा अंबाडा घालून त्यावर सहा रबरं लावली. पाणी मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने एवढं कोमट ठेवलं होतं, की तसला चहा पुढे आला असता तर साहेबांनीच परत पाठवला असता. बाई आत उतरल्या, डोळे मिटले आणि खांदा पाण्यात सोडला.

"ठीक?" साहेब गरजले.

बाई दचकल्या. "ठीक."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. खांदा जरा सैल पडतोय असं वाटतं न वाटतं तोच पुन्हा, "ठीक?"

"अहो, ठीक आहे!"

"नुसतं ठीक म्हणायचं. जास्त शब्द नकोत, गोंधळ होतो. ठीक?"

आता ही गर्जना टाकीच्या पत्र्यातून आत पोचावी म्हणून घडलेली होती. मोकळ्या अंगणात ती गल्लीच्या टोकापर्यंत जात होती. आधी वकील गच्चीवर आले. मग डॉक्टरीणबाई, मग पलीकडची शाळेतून आलेली पोरं. पुढच्या "ठीक?" ला बाईंच्या आधी गच्चीवरून दहा-बारा आवाजांत उत्तर आलं, "ठीऽऽक!"

बाई उभ्या राहिल्या. कमरेला दोरी, डोक्यावर सहा रबरांचा अंबाडा आणि वर बघ्यांची गर्दी. जन्मभर वर्ग ज्यांच्या नुसत्या नजरेने गप्प बसला, त्या बाईंना कानकोंडं होऊन टॉवेल गुंडाळावा लागला.

"अहो, मी खांदा शेकायला बसलेय," त्या घरात आल्यावर म्हणाल्या, "चंद्रावर चाललेली नाही. आणि पाणी तरी काय ते! भांडी विसळायला ठीक आहे."

"अगं, तुझ्याच काळजीपोटी..."

"त्या काळजीत माणसाला श्वास घ्यायला जागा नाही. तुम्हाला कधी कळणार नाही ते. आत बसणाऱ्याला काय वाटतं, हे तुम्हाला कसं कळणार? तुम्ही जन्मभर बाहेर उभे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून वेणीही राहू द्या."

हे शेवटचं वाक्य साहेबांना फार लागलं. टब नको म्हणाली असती तर ते समजू शकले असते. पण दुसऱ्या सकाळी बाई केस तसेच मोकळे ठेवून, डाव्या हाताने कसाबसा चिमटा खोचून स्वयंपाकघरात वावरत होत्या, आणि साहेब मागच्या खोलीत हातात फणी घेऊन उगीच बसले होते. डब्यातली रबरं त्यांच्याकडे बघत होती. घरात बोलणं चालू होतं, पण ते सगळं वाढू का, नको, पुरे, एवढंच. टबावर झाकण होतं, झाकणाला कुलूप होतं आणि खांदा होता तिथेच होता. तो आता असाच राहिला तर तो आपल्यामुळे, हे साहेबांना दिसत होतं, आणि त्यावर कुठलीही पाटी लावून उपयोग नव्हता.

चार दिवस असे गेल्यावर एका दुपारी जेवण झालं आणि साहेबांनी निश्चय केला. बाई म्हणते आतल्याला काय वाटतं ते मला कळणार नाही, तर बघूच. स्वतः आत बसायचं, पाणी नीट चाळीसला न्यायचं, फवारे चालू करायचे, आणि मग जे काही मागेपुढे करायचं ते ठरवायचं. निश्चय चांगला होता. त्यांनी थर्मामीटर दोनदा पाहिला, पाय पुसायला घसरणार नाही असं पायपुसणं घातलं, शिट्टी टबाशेजारच्या खिळ्याला अडकवली, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, मोठ्या सन्मानाने पाण्यात पाऊल ठेवलं.

पोट भरलेलं होतं. बीपीची गोळी जेवणानंतरच घेतलेली होती. डॉक्टरांना विचारलेलं नव्हतं. पण हे नियम टबात उतरणाऱ्या माणसांसाठी होते, आणि साहेबांच्या मनात ते स्वतः कधी टबात उतरणाऱ्यांत मोडतच नव्हते. बाहेर कोणी उभं नाही, हे तर त्यांच्या लक्षातही आलं नाही. आजवर टाकीबाहेर कोणी नाही असं कधी झालंच नव्हतं, कारण तिथे ते स्वतः असायचे.

पाणी मानेपर्यंत आलं आणि साहेबांच्या तोंडून आपोआप "आहाहा" निघालं. फवारे पाठीला लागत होते. कमरेतला कुठलासा जुना गाठीसारखा दुखरा भाग, जो आपल्याला आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, तो सुटायला लागला. हिला हे मिळायला हवं होतं, आणि मी हिला विसळायचं पाणी दिलं, असं त्यांना वाटलं. मग सवयीप्रमाणे ते मोठ्याने म्हणाले, "ठीक?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "ठीक!"

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारायला जरा आळस आला. डोळे जड झाले. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली असावीत, पण घड्याळ बघायचं काम बाहेरच्याचं. मग आपण उठावं हे बरं, असं ठरवून ते एकदम उभे राहिले, आणि अंगण, भिंत, वकिलांची गच्ची हे सगळं एकत्र तिरकं झालं. ते मटकन खाली बसले. पाणी हनुवटीला लागलं. हात कडेला धरायला गेले, पण हातांना ते कळलं नाही.

"ठीक?" त्यांनी विचारलं. आवाज ओठांच्या पलीकडे गेला नाही, आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हा साहेबांना पहिल्यांदा भीती वाटली. एवढी वर्षं टाक्यांत उतरणाऱ्या माणसांना ते ज्या भीतीबद्दल बजावत आले होते, ती अशी असते हे त्यांना माहीत नव्हतं. टाकीत काळोखात बसलेल्या माणसाला बाहेरून येणारी ती कर्कश गर्जना कशी वाटत असेल, हेही त्यांना आत्ता कळलं.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गर्जना आली. "ठीक?"

बाईंचा आवाज होता. त्यात राग होता, चेष्टा होती, आणि तरीही शेवटी प्रश्न होता. साहेबांनी उत्तर द्यायचा फार प्रयत्न केला.

"अहो, ठीक?"

मागचं दार धाडकन उघडलं. पहिला आवाज आला तो स्विचचा, खट्. फवारे बंद पडले. मग एक हात त्यांच्या हनुवटीखाली आला, घट्ट आणि ओळखीचा, खडूच्या सवयीने बोटांना घट्टे पडलेला.

"मी बाहेरच आहे," बाई कानाशी म्हणाल्या. "मी ओढणार नाहीये. आत उतरणार नाहीये. तुमचं तोंड पाण्याच्या वर धरून ठेवलंय. डोळे उघडे ठेवा."

आणि मग शिट्टी वाजली. कारखान्यात कधी वाजली नसेल अशी वाजली.

गल्लीला शिट्टीचा अर्थ माहीत होता. टब आल्यापासून साहेबांनीच तो कुंपणावरून एकेकाला समजावून सांगितला होता. वकील कुंपणावरून उडी मारून आले, म्हणजे उडी मारायला गेले आणि उरलेली कुंडी घेऊन खाली आले. डॉक्टरीणबाई समोरून धावत आल्या. आणि योगायोग असा, की त्याच वेळी पालिकेचे तपासनीस पुढच्या दारात उभे होते. विचार करून पाहिल्यावर त्यांनी ठरवलं होतं, की मासे टबात नाही तर निदान घरात तरी असावेत. पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी आणि तिच्यात पाच-सहा चिमुकले मासे घेऊन ते आतपर्यंत धावत आले.

"कोणी एकट्याने ओढायचं नाही!" बाईंनी वर्गात घ्यावा तसा ताबा घेतला. "वकीलसाहेब, तुम्ही पाठीमागून काखेत धरा. डॉक्टरीणबाई, पाय. तपासनीस, तुम्ही कंबर. तीन म्हटलं की सगळे एकदम."

साहेब बाहेर निघाले. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चारचौघांच्या नजरेत होती, आणि सन्मानाचं काय झालं हे विचारायचं त्राण कोणालाच नव्हतं. त्यांना पायपुसण्यावर आडवं केलं. डॉक्टरीणबाईंनी पायांखाली पाट सरकवला, हेल्मेट काढलं, नाडी धरली. "उष्णता चढलीये. घोड्याचं असतं तर म्हटलं असतं भरल्या पोटी पळवलंत. पाणी द्या घोट घोट. कपाळावर काहीतरी गार ठेवा."

गार म्हणून हाताशी एकच गोष्ट होती. तपासनिसांनी आपली पिशवी साहेबांच्या कपाळावर अलगद ठेवली.

साहेबांनी डोळे उघडले, तर दोन बोटांवर एक छोटासा मासा शेपटी हलवत त्यांच्याकडे बघत होता. आपण गेलो, असं त्यांना वाटलं. मग माशाच्या पलीकडे बाईंचा चेहरा दिसला, केस मोकळे, घाम आलेला, डोळे ओले. ते म्हणाले, "ठीक."

"नुसतं ठीक?" बाई म्हणाल्या आणि मग रडल्या.

वकील कुंडीची माती झटकत म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः मात्र ओला पाषाण." त्यावर सगळे हसले, साहेबही हसले. हसताना कपाळावरचे मासे हलले.

लोक गेल्यावर, पलंगावर उशीला टेकून बसल्यावर साहेबांनी विचारलं, "तुला वीज तोडायचं कसं सुचलं? आणि आत न उतरायचं?"

"सुचायचं काय त्यात? आधी वीज, मग शिट्टी, मग माणसं. एकाचे दोन होऊ द्यायचे नाहीत."

"तू ऐकत होतीस?"

"रोज रात्री दुसरं काय बोलायचात तुम्ही?" बाई चादर नीट करत म्हणाल्या. "तुम्हाला वाटायचं कोणी ऐकत नाही. मला सगळ्या टाक्यांची नावं पाठ आहेत. त्या शिट्टी विसरणाऱ्या बुटक्याचं लग्न झालं का हो?"

 साहेबांनी हजारो माणसांना शिकवलं, पण नियम असा एक अक्षर न चुकवता पाळलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो पाळला होता हूं हूं करत पानात वाढणाऱ्या बाईने. त्यांनी तिचा हात धरला, आणि ज्यासाठी त्यांना स्वतःला जन्मभर कोणी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "काही झालं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही. फार उपकार झाले."

"पुरे," बाई म्हणाल्या. पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब घरोघर आभार मानायला गेले. वकिलांना नवी कुंडी नेली, माती आणि रोपासकट. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, घोडीला माझा नमस्कार सांगा. तपासनिसांच्या कचेरीत जाऊन कारकुनासमोर त्यांचे आभार मानले, तेव्हा कारकून म्हणाला, इथे आभार मानायला आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहतोय, याची नोंद कुठे करायची तेच कळत नाही. कारकून आणि तपासनीस, दोघेही साहेबांना आपल्याचसारखे वाटले, कधी कोणी आभार न मानलेले. मासे स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या भांड्यात राहायला आले. स्वतःच्या डॉक्टरांनाही साहेबांनी अखेर विचारलं. ते म्हणाले, तूर्त राहू द्या, पुढे बघू.

वेणी पुन्हा साहेबांकडे आली आणि टबाचा कारभार बदलला. पाणी अडतीसवर, रिकाम्यासारख्या पोटी, पंधरा मिनिटं. दोरीवर आता कपडे वाळतात. हेल्मेट खुंटीला आहे. बाईंनी एवढंच सांगितलं होतं, "सगळं जाऊ दे. तो प्रश्न तेवढा राहू दे. पण हळू." म्हणून साहेब टबाकडे पाठ करून स्टुलावर बसतात, मांडीवर घड्याळ ठेवतात, आणि मधून मधून, कानाशी बोलावं तसं विचारतात. बाई उत्तर देतात, कधी नुसती पाण्यावर टिचकी मारून. गच्चीवर आता कोणी येत नाही. वकील फक्त आपल्या कुंडीला पाणी घालताना कधीतरी हळूच म्हणतात, "ठीक?" आणि उत्तराची वाट पाहतात.

खांदा एकदम सुटला नाही. आधी हात कानापर्यंत गेला. मग डबा निघाला, वरच्या नव्हे, त्याच्या खालच्या फळीवरचा. मग एके दिवशी साहेब बाजारातून आले, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाईंनी खडूने उगवता सूर्य काढलेला, चांगला डोक्याच्या वर. साहेब त्याच्याकडे बघत पिशवी हातात घेऊनच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले आणि आपलं काम आता संपलं, हे धरून चालले. फणी आणि रबरांची डबी त्यांनी बाईंच्या आरशासमोर नेऊन ठेवली आणि वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाई त्यांच्याकडे पाठ करून समोर बसल्या होत्या, केस मोकळे सोडून, आणि खांद्यावरून मागे फणी धरली होती.

"का गं?" साहेब घाबरले. "आज हात वर जात नाही?"

"जातो की," बाई म्हणाल्या आणि दाखवायला हात चांगला डोक्यावर नेऊन आणला. "पण एकट्याने कुठलंही काम करायचं नाही, असा तुमचा नियम आहे ना?"

साहेबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी वेणी घातली, आणि टोकाला तीन रबरं लावली.